बहीण म्हणते स्वतंत्र चित्रपट निर्माती होणार. हे करिअर असतं का?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो पण आता घरातच विषय पेटलाय म्हणून धागा काढतोय. धाकटी बहीण, वय २९, ऐरोलीला आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजमेंटला होती, पगार चांगला, आणि गणपती गेल्यावर जेवता जेवता सांगते, राजीनामा दिलाय, आता मी स्वतंत्र चित्रपट निर्माती होणार. हिरॉइन नाही, डायरेक्टर नाही, निर्माती! कॉलेजपासून एकांकिकांच्या ग्रुपमध्ये होती, तिथला एक मित्र दिग्दर्शक, स्क्रिप्ट तयार आहे म्हणे, बजेट साधारण दीड कोटी. बाईसाहेबांच्या खात्यात किती, तर पीएफ धरून काही लाख. आईचा प्रश्न एकच, "म्हणजे तू नक्की करणार काय, नारळ फोडणार?" बाबा रिटायर्ड आहेत आणि गंमत म्हणजे तेच विरघळलेत, खारघरचा फ्लॅट (भाड्याने दिलाय) गहाण टाकून कर्ज काढू म्हणतात. मला सिनेमातलं शून्य कळतं. तर जाणकारांनी जरा इस्कटून सांगा. हा माणूस दिवसभर करतो काय, त्याला घरखर्चाला पैसे कुठून मिळतात, आणि फ्लॅट गहाण ठेवावा का? टोमणे चालतील, पण उत्तरही द्या.

तलावपाळीचा_बगळा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दिवसभर फोन करतो. दुसऱ्याचं: ज्यांना फोन करतो त्यांच्याकडून, उचलला तर. तिसऱ्याचं: नको.

सीमा_नेरुळ
हसून हसून पुरेवाट झाली बगळा!
आमच्या नवी मुंबईत निर्माता म्हणजे बिल्डर. मुलगा बारावीला दोनदा आपटला की त्याला हिरो करायला पिक्चर काढतात, होर्डिंग पाम बीच रोडला लागतं आणि पिक्चर कुठेच लागत नाही. त्यामुळे काकूंचा प्रश्न मला रास्त वाटतो. पैसेच नसताना निर्माती कशी होणार ही मुलगी?

पेटीकॅश
सीमाताई, तिथेच सगळ्यांची गोची होते. खिशातून पैसे घालतो तो गुंतवणूकदार किंवा फायनान्सर. निर्माता पैसे उभे करतो आणि त्या पैशाचा हिशोब शेवटपर्यंत त्याच्या डोक्यावर असतो. मी बरीच वर्षं प्रॉडक्शन कंट्रोलर म्हणून काम करतोय, राहायला कोलशेतला, त्यामुळे जे बघितलंय तेवढंच सांगतो.

समजा हातात स्क्रिप्ट आली. ऐंशी-पंच्याऐंशी सीन, त्यातले तीस रात्रीचे. निर्माता पहिल्यांदा विचारतो, यातले खरंच रात्रीचे किती हवेत? कारण रात्र म्हणजे जास्त लाइट, मोठा जनरेटर, वाढीव शिफ्ट, दोन वेळचं जेवण आणि पहाटे घरी सोडायला गाड्या. दिग्दर्शक रुसतो. दोन दिवसांनी बारा सीन दिवसाचे होतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. मग लोकेशन, परवानग्या, कलाकारांच्या तारखा (एकाची सिरियल चालू, दुसऱ्याचा गडकरी रंगायतनला नाट्यप्रयोग, तिसऱ्याच्या बहिणीचं लग्न), करारमदार, विमा, मग शूट, मग एडिट, साउंड, डीआय (रंगांवरचं शेवटचं काम), डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत), सेन्सॉर, फेस्टिवल, वितरक, आणि हे सगळं झाल्यावर पुढची काही वर्षं कोणाकडून किती यायचंय त्याचा पाठपुरावा. दिग्दर्शक तोवर दुसऱ्या पिक्चरच्या प्रेमात पडलेला असतो.

एक प्रसंग सांगतो. येऊरच्या जंगलात शूट होतं. जनरेटरची गाडी गेटवर अडकली, कारण परवानगीच्या कागदावर गाडीचा नंबर एक आणि व्हेंडरने ऐनवेळी पाठवली दुसरीच. गेटवरचा माणूस त्याच्या जागी बरोबर होता. वर चाळीस माणसं, हिरोच्या घराचा सीन, आणि अंधार व्हायला लागलेला. आमची निर्माती एका स्कूटीच्या सीटवर स्क्रिप्ट ठेवून मोबाइलच्या उजेडात पानं उलटत बसली, मग दिग्दर्शकाला म्हणाली, ह्यांच्या घरातली लाइट गेलीय असं केलं तर? पाड्यावरच्या दुकानातून मेणबत्त्या आणल्या, ६० रुपये, त्याचं व्हाउचर अजून माझ्या फायलीत आहे. पुढे एका परीक्षणात त्या सीनच्या प्रकाशयोजनेचं कौतुक आलं. नाव अर्थातच दिग्दर्शक आणि कॅमेरामनचं.

आता पैशाचं. बजेटमध्ये निर्मात्याची फी अशी एक ओळ असते. पण पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते, फी पुढे बघू म्हणून मागे जाते. म्हणून ह्या लाइनमधले बहुतेक जण पोटापाण्यासाठी दुसरं काहीतरी करतात, जाहिराती, कंपन्यांच्या फिल्म, घोडबंदर रोडवर ज्या सिरियली चालतात त्यांचं प्रॉडक्शन, बाहेरून आलेल्या युनिटची लाइन प्रॉडक्शन (म्हणजे शूटची इथली सगळी व्यवस्था). त्यावर घर चालतं आणि स्वतःचा सिनेमा बाजूला शिजत राहतो. तुमची बहीण प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधून आलीय ना, मग तिला एक्सेल आणि माणसं दोन्ही हाताळता येत असणार, हे माझ्या मते दीड कोटीपेक्षा मोठं भांडवल आहे.

निद्रिस्त_ज्वालामुखी
पेटीकॅश दंडवत! अवांतर: सेटवर जेवण खरंच चांगलं असतं का हो?

पेटीकॅश
@ज्वालामुखी, पहिल्या दिवशी चांगलं असतं. चौथ्या दिवसापासून युनिट पनीर बघून ओरडतं. मग एखादा शहाणा निर्माता सकाळी मामलेदारची मिसळ मागवतो आणि दुपारपर्यंत सगळे खूश, फक्त साउंडवाला सोडून, कारण सगळं युनिट तिखटाने नाक ओढत असतं आणि सिंक साउंड (सीनसोबतच आवाज रेकॉर्ड करणं) चालू असतो.

कोपरीचा_राजा
छान छान गोष्टी चालल्यात पण मुद्द्यावर या. मराठी पिक्चर बघतो कोण? लोक फुकट मोबाइलवर बघतात, वर म्हणतात आमचा मराठी बाणा. ओटीटीवाले पूर्वी घ्यायचे, आता आधी थिएटरला काय केलं ते दाखवा म्हणतात. घोडबंदरकर, फ्लॅटला हात लावू नका. नोकरी परत मिळते, खारघरचा फ्लॅट आज विकला तर पुन्हा त्या भावात मिळणार नाही. हे माझं वैयक्तिक मत.

संध्या_खारघर
इतकं नकारात्मक कशाला. दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनहून कॅमेरा आणला, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, युनिटचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकं पाडायचं काम सुद्धा केलं, तेव्हा १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र गिरगावात कॉरोनेशन थिएटरला लागला. त्यांनी हिशोब केला असता तर आज हा धागा नसता. कोणीतरी वेडेपणा करावाच लागतो.

मीनल_घणसोली
संध्याताई, दर वेळी कोणीतरी सरस्वतीबाईंचे दागिने काढतंच. त्यांनी किती काम केलं ते तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, लोक दागिन्यांवरच थांबतात. पण फाळक्यांचा शेवटचा काळ नाशिकला कसा गेला तेही सांगा की. ज्यांचे दागिने परत आले नाहीत त्यांच्या गोष्टी कोणी लिहीत नाही.

संध्या_खारघर
मान्य. तरी वेडेपणा हवाच :)

कोपरीचा_राजा
वेडेपणा स्वतःच्या पैशाने करावा, बापाच्या नव्हे.

चार्टर्ड_चहा
भांडण बाजूला ठेवून जरा आकडे घ्या, मी वाशीला प्रॅक्टिस करतो, दोन-तीन निर्माते क्लायंट आहेत (फी द्यायला सगळ्यात उशीर तेच करतात, असो).

तिकीट २०० रुपयांचं धरा. १०० च्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, तो आत धरलेला, म्हणजे उरले साधारण १६९. मल्टिप्लेक्सचा आणि निर्मात्यांचा २००९ मध्ये मोठा संप झाला होता, त्यात जे ठरलं त्याप्रमाणे पहिल्या आठवड्यात निम्मा वाटा आपला, मग साडेबेचाळीस टक्के, मग साडेसदतीस, मग तीस. तर पहिल्या आठवड्यात आले ८५. वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं तर हातात ७२. आता दीड कोटीचा पिक्चर आणि पन्नास लाख प्रसिद्धी, दोन कोटी झाले. ७२ ने भागा. पावणेतीन लाखांच्या वर तिकिटं, ती पण सगळी पहिल्याच आठवड्यात विकली तर, कारण पुढे वाटा घसरतो. शिवाय डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे स्क्रीनमागे वेगळे जातात. आणि लोक म्हणतात मराठी तिकीट ९९ ला ठेवा, गर्दी होईल. तिथे जीएसटी आता ५ टक्के आहे हे खरं, पण ह्याच हिशोबाने हातात ४० पडतात.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. आयकर नियमांत सिनेमाच्या खर्चाबद्दल एक नियम आहे. आर्थिक वर्ष संपायच्या निदान ९० दिवस आधी पिक्चर लागला तर निर्मितीचा सगळा खर्च त्याच वर्षी वजा करता येतो. फेब्रुवारीत लावला तर त्या वर्षी जेवढी कमाई तेवढाच खर्च धरतात, उरलेला पुढच्या वर्षी. त्यामुळे रिलीजची तारीख ठरवताना फक्त सलमानचा पिक्चर कधी आहे ते बघू नका, कॅलेंडर पण बघा.

सीमा_नेरुळ
बापरे, पावणेतीन लाख! म्हणजे नेरुळ-सीवूड्स अख्खं आणून बसवलं तरी कमी पडेल की काय.

शुक्रवार_पहिला_शो
चार्टर्ड साहेबांचा हिशोब बरोबर आहे पण त्यात एक गृहीत धरलंय, की प्रेक्षकाला यायचं असेल तर येता येईल. मी एक पिक्चर केलाय, नाव सांगत नाही, तुम्ही ऐकलं नसेलच. शुक्रवारी लागला. ठाण्यात एका मॉलमध्ये एकच शो, सकाळी पावणेदहाचा. आता सांगा, शुक्रवारी पावणेदहाला ठाण्याचा मराठी माणूस कुठे असतो? फलाट नंबर पाचवर. जे पाच-पंचवीस लोक आले ते आजी-आजोबा, आणि त्यांना इतका आवडला की बाहेर येऊन हात धरून बोलत होते, संध्याकाळी सुनेला पाठवते म्हणाल्या एक बाई. संध्याकाळचा शोच नव्हता. शनिवारी मित्रांनी ॲप उघडलं तर तेच, रविवारी अर्धं हॉल भरलं, आणि सोमवारी शोच काढला, कारण शुक्रवारचे आकडे कमी. आकडे कमी का, तर शो सकाळी. शो सकाळी का, तर आकडे कमी येतील असं त्यांना वाटत होतं.

मग वितरकाचं स्टेटमेंट. ते आलं पाच-सहा महिन्यांनी, त्यात वसुलीपेक्षा प्रसिद्धीचा खर्च जास्त, कुठल्या तरी गावातल्या बॅनरचे पैसे जिथे आमचा पिक्चर लागलाच नव्हता. बिलं मागितली तर मार्केटमध्ये असंच असतं. तर बहिणीला सांगा, वितरणाच्या करारात दोन ओळी भांडून घालायच्या, प्रसिद्धी खर्चाला वरची मर्यादा आणि हिशोब तपासायचा हक्क.

तरी पुढचा करतोय. का ते विचारू नका, बायको रोज विचारते.

कोपरीचा_राजा
पण सरकारने मराठीला प्राइमटाइम दिलाय ना? २०१५ ला केवढा गाजावाजा झाला होता, ट्विटरवर भांडणं, शोभा डे यांच्या घराबाहेर वडापाव वगैरे.

शुक्रवार_पहिला_शो
राजे, आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हणाले होते, मग तडजोड झाली आणि दुपारी १२ ते रात्री ९ मधला कुठलाही शो चालेल असं ठरलं. मंगळवारी दुपारी साडेबाराचा शो हा सुद्धा प्राइमटाइमच.

निद्रिस्त_ज्वालामुखी
वडापावचा विषय निघालाच आहे तर गडकरीजवळचा राजमाता की कुंजविहार?

तलावपाळीचा_बगळा
ज्वालामुखी, तुझ्यासाठी वेगळा धागा काढ बाबा. (कुंजविहार. आकाराला मान द्यावा.)

फेस्टिव्हलवेडा
तुम्ही सगळे एकाच रस्त्याबद्दल बोलताय, थिएटर. स्वतंत्र सिनेमाचा दुसरा रस्ता आहे. कोर्ट हा सिनेमा घ्या. निर्माता विवेक गोम्बर, त्यातल्या बचाव पक्षाच्या वकिलाचं काम पण त्यानेच केलंय. चैतन्य ताम्हाणे लिहीत होता त्या काळात त्याचा महिन्याचा खर्च गोम्बरने उचलला होता. रॉटरडॅम फेस्टिवलच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत मिळाली, २०१४ ला व्हेनिसला दोन पारितोषिकं, मग राष्ट्रीय पुरस्कार, मग भारताकडून ऑस्करला. त्यातला एकही टप्पा सोमवारच्या शोवर अवलंबून नव्हता. गोव्यात एनएफडीसी या सरकारी संस्थेचा फिल्म बाजार २००७ पासून भरतो, आता वेव्हज फिल्म बाजार म्हणतात, नोव्हेंबरात इफ्फी फेस्टिवलसोबत. तिथे नुसत्या स्क्रिप्टवर सहनिर्माते शोधता येतात, अर्धा एडिट झालेला सिनेमा वर्क इन प्रोग्रेस लॅबला दाखवता येतो, आणि व्ह्यूइंग रूममध्ये फेस्टिवलचे प्रोग्रॅमर येऊन बघतात. बहिणीने ह्या वर्षी नुसतं जाऊन यावं, सिनेमा नसला तरी.

पेटीकॅश
फेवे, सगळं खरं, पण असा कोर्ट एखादाच होतो. त्याच गोव्यातून दरवर्षी किती लोक व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा आणि सनबर्न घेऊन परत येतात तेही लिहा.

फेस्टिव्हलवेडा
लिहिलं असतं, पण कोपरीचे राजे आहेत ना त्या खात्याला.

संध्या_खारघर
श्वास पिक्चर विसरलात का सगळे? अरुण नलावडे आणि मित्रांनी मिळून पैसे जमवले, संदीप सावंतांनी केला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला आणि २००४ ला भारताकडून ऑस्करला गेला. तिकडच्या प्रचाराला लोकांनी वर्गण्या दिल्या होत्या, आमच्या सोसायटीत सुद्धा डबा फिरला होता. आणि मंथन, १९७६ चा, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले. ठाणे जिल्ह्यात माणसं कमी आहेत का? दोन रुपये सोडा, शंभर द्या प्रत्येकी.

ॲडव्होकेट_काकू
थांबा थांबा संध्या, हे वाचून कोणी उद्या क्यूआर कोड छापेल. मंथनमागे दूध संघांची अख्खी यंत्रणा उभी होती, पैसे त्यांच्यामार्फत आले. इथे एखाद्या नवख्या मुलीने "पैसे द्या, दुप्पट करून देते" म्हणून व्हॉट्सॲपवर गोळा केले तर महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, त्यात पोलिस केस होते. वर्गणी म्हणून घेतलेत तर परताव्याचं आश्वासन द्यायचं नाही. गुंतवणूक म्हणून घेतलेत तर मोजकी माणसं, लेखी करार, आणि पैसे बुडू शकतात हे ठळक अक्षरात. सिनेमासाठी वेगळी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा कंपनी काढावी, म्हणजे उद्या काही झालं तर धनको घरापर्यंत येत नाहीत. फ्लॅट गहाण ठेवला की ही भिंत तुम्ही स्वतःच पाडलीत.

आणि मूळ प्रश्न करिअरचा आहे ना, तर त्याचं उत्तर हक्कांत आहे. कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा मालक सहसा निर्माता असतो, आणि निर्माता कोण तर ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. तो हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. सॅटेलाइट, डिजिटल, डबिंग, रिमेक, विमानात दाखवायचे हक्क सुद्धा, सगळे वेगवेगळे विकता येतात, आणि मुदतीने दिले तर मुदत संपल्यावर परत विकता येतात. पैशाच्या अडचणीत लोक पहिल्याच गिऱ्हाइकाला सगळे हक्क कायमचे देऊन मोकळे होतात. मग पुढच्या सिनेमाला पुन्हा शून्यातून सुरुवात. पाच-सहा सिनेमांचे हक्क स्वतःकडे असलेला निर्माता आणि सगळे विकून बसलेला निर्माता, दोघांच्या साठीत फार फरक पडतो.

चार्टर्ड_चहा
काकूंना जोरदार अनुमोदन. माझ्या क्लायंटपैकी ज्याची बॅलन्सशीट बरी दिसते तो असाच आहे.

मीनल_घणसोली
मी आधी असिस्टंट डायरेक्टर होते, आता नाही. कोणी विचारलं नाही तरी सांगते. बाई निर्माती असेल तर सेट वेगळा असतो. आउटडोअरला बायकांसाठी टॉयलेटची गाडी हवी हे बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं, रात्री पॅकअपनंतर हेअरड्रेसर मुलगी दिवा स्टेशनला कशी पोचणार हे कोणीतरी विचारतं. ज्या सेटवर हे कोणीच विचारलं नाही अशा एका सेटनंतर मी लाइन सोडली. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत तक्रार समिती लागते, सिनेमाच्या युनिटलाही लागते. कॉलशीटवर (रोजच्या शूटच्या वेळापत्रकावर) समितीचा फोन नंबर छापायला पैसे पडत नाहीत. तुमच्या बहिणीने एवढं केलं तरी मी तिच्याकडे कामाला येईन.

तलावपाळीचा_बगळा
टाळ्या. ह्यावर विनोद नाही.

निद्रिस्त_ज्वालामुखी
मराठी पिक्चरला सरकार अनुदान देतं ना? ते कोणी बोलेना.

पेटीकॅश
देतं. अ दर्जा मिळाला तर ४० लाख, ब मिळाला तर ३०. गोरेगावच्या चित्रनगरीतून कारभार चालतो. पण ते पिक्चर पूर्ण झाल्यावर, अर्ज केल्यावर, समितीने बघून दर्जा दिल्यावर. म्हणजे शूटच्या वेळी त्या पैशाने चहा पण येत नाही. काही जण हे अनुदान धरूनच व्याजाने पैसे उचलतात आणि मग फाइल पुढे सरकेपर्यंत व्याज सरकत राहतं. बजेट मांडताना अनुदान शून्य धरावं. मिळालं तर पुढच्या सिनेमाची सुरुवात.

आणि स्क्रिप्टमध्ये प्राणी असेल तर आधीच सांगून ठेवा. बकरी असो वा बैल, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी लागते, त्यांचं ऑफिस हरियाणात, आणि तो कागद नसेल तर सेन्सॉरला पिक्चर अडतो. एका गावातल्या पिक्चरला आम्ही बकरी फक्त आवाजात ठेवली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही.

घोडबंदरकर
खूप आभार सगळ्यांचे, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. बाबांना धागा वाचायला दिला, पावणेतीन लाख तिकिटांपाशी त्यांनी चष्मा काढला. आई म्हणते मेणबत्तीवाली मुलगी हुशार आहे. बहिणीला लिंक पाठवलीय, चिडलीय बहुतेक, दोन निळ्या टिक आणि उत्तर नाही.

धाकटी_पाती
चिडले नाहीये, आयडी ॲप्रूव्ह व्हायला वेळ लागला. घोडबंदरकरांची बहीण मीच.

दादाने अर्धंच लिहिलंय. फ्लॅटची आयडिया बाबांची, मी त्याच दिवशी नाही म्हटलं होतं, दादा तेव्हा कॉलवर होता. जानेवारीपर्यंत मी एका जाहिरात कंपनीत लाइन प्रॉडक्शनचं फ्रीलान्स काम घेतलंय, त्यावर माझा खर्च चालेल, घरात देते तेवढे देत राहीन. दीड कोटी हे पहिलं बजेट होतं. पेटीकॅश काकांनी (काका म्हटलं तर चालेल ना?) लिहिलेलं रात्रीच्या सीनचं आम्ही आधीच केलंय, एकवीस होते त्यातले आठ ठेवलेत, दिग्दर्शक दोन आठवडे नीट बोलत नव्हता. आता एक कोटी दहा लाखांपर्यंत आलोय. दोन गुंतवणूकदार तोंडी हो म्हणालेत, दोघांनाही पैसे बुडू शकतात हे सांगितलंय, त्यानंतर एक जण जरा गप्प आहे. पनीरचा मुद्दा लिहून घेतलाय. @मीनलताई, तुमचा नंबर मेसेज करा प्लीज, गंमत करत नाहीये.

@ॲडव्होकेट काकू, एक विचारायचं होतं. स्क्रिप्ट एका जुन्या कथेवर आहे, दिवाळी अंकात आली होती, लेखक आता नाहीत. त्यांची मुलगी डोंबिवलीला असते, तिने आनंदाने करा म्हणून सांगितलंय, आम्हाला चहा-चिवडा पण दिला. तेवढं पुरतं ना?

ॲडव्होकेट_काकू
चहा-चिवड्याला कायद्यात किंमत नाही गं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. हक्क लेखीच द्यावे-घ्यावे लागतात, सहीनिशी. आणि लेखी असलं तरी त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे तुझा सिनेमा बाहेर फेस्टिवलला गेला, तिकडे कोणी विकत घ्यायला आला, तर त्याचा वकील पहिला हाच कागद मागेल. मुदत, प्रदेश, भाषा, रिमेक, वेब सिरीज, सगळं लिहून घे. मोबदला थोडा का होईना दे आणि चेकने दे. हे झाल्याशिवाय एक रुपया खर्च करू नकोस आणि त्या गप्प माणसाकडून एक रुपया घेऊ नकोस. वारस किती आहेत?

धाकटी_पाती
दोन मुली. एक डोंबिवली, एक पुणे. आणि एक मुलगा आहे, कॅनडात.

ॲडव्होकेट_काकू
मृत्युपत्र आहे का विचार. नसेल तर तिघांच्या सह्या, आणि बायको हयात असेल तर तिची पण. कॅनडाचे कागद तिथे करून इथे यायला वेळ लागतो, शेड्यूलमध्ये धर.

धाकटी_पाती
म्हणजे जानेवारीचं शूट गेलं.

ॲडव्होकेट_काकू
गेलं.

शुक्रवार_पहिला_शो
जानेवारी गेला ते बरंच. कागद होईपर्यंत त्या गप्प गुंतवणूकदाराला पण कंठ फुटेल, हो किंवा नाही.

तलावपाळीचा_बगळा
गुढीपाडव्याला करा की. ठाण्यात कौपिनेश्वर मंदिरापासून शोभायात्रा निघते, ढोल-ताशे, फेटे, बुलेटवरच्या नऊवारी, हजारो ज्युनिअर आर्टिस्ट फुकट.

पेटीकॅश
फुकट काही नसतं बगळेबुवा. पोलिस, महापालिका, आयोजक, सगळ्यांची परवानगी काढावी लागेल, आणि ढोलाच्या आवाजात सिंक साउंड विसरा. पण दोन कॅमेरे, छोटं युनिट, संवाद नसलेला सीन, सकाळी सहाला पोचलात तर जमतं. काका म्हटलं तर चालेल.

धाकटी_पाती
स्क्रिप्टमध्ये शोभायात्राच नाहीये हो. सिनेमा पावसाळ्यात घडतो.

दिग्दर्शकाला विचारून बघते.